कॉलेज फुटबॉलचं ‘आधुनिक युग’ कुठून मोजायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा वाद आहे तरी काय?

१८ नोव्हेंबर २०२३ रोजी मिशिगनने मेरीलँडला ३१-२४ असं हरवलं आणि एक हजार विजय मिळवणारा तो अमेरिकन फुटबॉलमधला पहिला कॉलेज संघ ठरला. मिशिगनवाल्यांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. त्यावर ओहायो स्टेट किंवा अलाबामाच्या चाहत्याचं उत्तर ठरलेलं असतं: ‘त्यातले कितीतरी विजय टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकापर्यंत नेण्याला, चार-पाच गुण मिळायचे त्या काळातले. आधुनिक युगातलं बोला.’ मिशिगन १८७९ पासून खेळतंय, तेव्हा आक्षेपात तथ्य आहे. घोडं पेंड खातं ते पुढे. हे आधुनिक युग सुरू झालं कधी, याची सगळ्यांना मान्य अशी तारीखच नाही. मग आपला तो बाब्या या न्यायाने जो तो आपल्या संघाच्या सोयीची तारीख काढतो आणि ती जणू काही घटनेत लिहिलेली असल्यासारखी ठोकून देतो.

ॲन आर्बर, कोलंबस, कॉलेज स्टेशन अशा गावांत शिकलेली मराठी मुलं आता इतकी झाली आहेत की हा वाद मराठीतही रंगतो. हा प्रपंच त्यासाठी.

फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल?

नाही. अंडाकृती चेंडू, हेल्मेट, टचडाउन असलेला अमेरिकन फुटबॉल, आणि तोही व्यावसायिक नव्हे, विद्यापीठांचा. त्याला हलकं समजू नका. मिशिगनच्या स्टेडियमची अधिकृत क्षमता १,०७,६०१ आहे.

थोडक्यात सांगा, तारीख कोणती?

तुम्ही काय मोजताय ते आधी ठरवा. खेळाच्या नियमांचं विचारत असाल तर १९१२. देशव्यापी क्रमवारी आणि विजेतेपदं असतील तर १९३६, पण १९६८ च्या आधीची जरा पारखून घ्या. खेळाडूंचे वैयक्तिक आकडे १९३७ पासून. आणि दोन संघांच्या जय-पराजयाची तुलना करायची असेल तर माझी तारीख १९७३. ही शेवटची तारीख माझं मत आहे, ते का, हे पुढे येईल.

१८६९ ला पहिला सामना झाला. तिथूनच का मोजू नये?

६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्सविकमध्ये रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ असं हरवलं. प्रत्येक बाजूला २५ खेळाडू, चेंडू गोल, आणि तो हातात घेऊन पळायला बंदी. आजच्या प्रेक्षकाला तो सामना दाखवला तर हा कुठला खेळ, हे त्याला ओळखता यायचं नाही. एका बाजूला अकरा खेळाडू आणि प्रत्येक चालीआधी दोन्ही संघांनी समोरासमोर ओळ धरणं, हे दोन्ही येलच्या वॉल्टर कॅम्पच्या आग्रहाने १८८० मध्ये आलं. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू सोडा, हा नियम १८८२ चा.

गुणांचा तर वेगळाच गोंधळ होता. १८८३ मध्ये टचडाउनला दोन गुण आणि मैदानी गोलला (चेंडू लाथेने खांबांमधून मारण्याला) पाच. पुढच्या वर्षी टचडाउनचे चार झाले, मग पाच, आणि आजचे सहा झाले १९१२ मध्ये. तेव्हा १८८८ च्या येल संघाने तेरा सामन्यांत ६९८ गुण केले आणि एकही दिला नाही, हे वाचून थक्क जरूर व्हा, पण त्या ६९८ चे आजचे गुण किती याचा हिशेब मांडू नका. त्या काळात वेळापत्रकात ॲथलेटिक क्लबसुद्धा असायचे. येल आजही २७ राष्ट्रीय विजेतेपदं सांगतं. त्यातलं शेवटचं १९२७ चं.

१९०१ च्या मिशिगनचंही तसंच. ५५० गुण केले, दिले शून्य. त्यांनी बफेलोला १२८-० ने चिरडलं, आणि १ जानेवारी १९०२ च्या पहिल्या रोज बाउलमध्ये (बाउल म्हणजे हंगाम संपल्यावर निवडक संघांचा मोठा सामना) ४९-० अशा पिछाडीवर असताना स्टॅनफर्डने आठ मिनिटं बाकी असतानाच पुरे म्हटलं. संघ थोरच होता. पण मिशिगनच्या हजारांत हे विजय आणि २०२३ च्या पेन स्टेटवरचा विजय एकाच रकान्यात बसतात, आणि ओहायो स्टेटवाल्यांचं डोकं फिरतं ते इथे.

फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू हाताने पुढे फेकणं, १९०६ मध्ये आला. खरा बदल तोच ना?

शाळेच्या पुस्तकात टाकायला ही तारीख छान आहे. १९०५ च्या हंगामात मैदानावर डझनाहून जास्त पोरांचे जीव गेले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं. खेळ सुधारा नाहीतर बंद पडेल, अशी हवा होती. त्यातून १९०६ चे नियम आले आणि कॉलेज खेळांचा कारभार बघणारी, पुढे जिचं नाव एनसीएए झालं ती संघटनाही.

पण त्या पासचे हातपाय बांधलेले होते. कुणाचाही स्पर्श न होता चेंडू जमिनीवर पडला तर तो थेट प्रतिस्पर्ध्याला मिळायचा. मधल्या खेळाडूपासून डावी-उजवीकडे किमान पाच यार्ड सरकूनच पास टाकायचा. अशा अटींवर कुठला कोच रोज पास टाकेल? अटी सैल होत गेल्या आणि १९१२ मध्ये चार डाउन (म्हणजे प्रयत्न), सहा गुणांचं टचडाउन, शंभर यार्डांचं मैदान व दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे एंड झोन (टचडाउन करायचे पट्टे) असं सगळं जुळून आलं. नियमपुस्तिका हाच निकष असेल तर १९१२ घ्या, १९०६ नको.

आता १९१२ नंतरचा एक सामना बघा. ७ ऑक्टोबर १९१६, अटलांटा. जॉर्जिया टेक २२२, कंबरलँड ०. कंबरलँडने फुटबॉल बंदच केला होता. पण ठरलेला सामना न खेळल्यास ३,००० डॉलर भरावे लागले असते, म्हणून मिळतील ती पोरं गाडीत बसवून पाठवली. मध्यंतराला १२६-० होतं आणि दुसरा अर्धा भाग दयेपोटी छोटा केला गेला. जॉर्जिया टेकचा कोच होता जॉन हाइसमन, ज्याच्या नावाने आज सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी देतात तोच. टचडाउनला गुण सहाच होते, डाउन चारच होते, नियम सगळे ओळखीचे. तरी या विजयाला २०२४ मधल्या एखाद्या विजयाच्या पंगतीला कोण बसवेल? नियम आधुनिक झाले म्हणून स्पर्धा आधुनिक होत नाही, हे सांगायला दुसरा पुरावा लागू नये.

१९३६ पासून एपीची क्रमवारी आहे. वर्तमानपत्रंसुद्धा हीच तारीख धरतात.

धरतात, कारण ती सोयीची आहे. असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेने त्या वर्षी पत्रकारांकडून दर आठवड्याला मतं घ्यायला सुरुवात केली आणि मिनेसोटा पहिला विजेता ठरला. गंमत म्हणजे मिनेसोटा त्या हंगामात नॉर्थवेस्टर्नकडून हरला होता. त्याआधीची विजेतेपदं बरीचशी मागाहून, कुणाच्या तरी गणिती सूत्राने वाटलेली आहेत. म्हणजे १९३६ ला निदान समकालीन मत तरी मिळतं.

पण दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे, मतदान बाउल सामन्यांच्या आधीच उरकायचं. १९६० मध्ये मिनेसोटा रोज बाउल हरला, १९६४ मध्ये अलाबामा ऑरेंज बाउलमध्ये टेक्ससकडून हरला, दोघंही विजेतेच राहिले. १९६५ चा अपवाद सोडता एपीने बाउलनंतर मतदान कायमचं सुरू केलं ते १९६८ पासून. कोचेसच्या मतांवर चालणाऱ्या दुसऱ्या क्रमवारीला तर ही अक्कल १९७४ मध्ये आली, तीही त्यांनी आधीच विजेता ठरवलेला अलाबामा नोटर डेमकडून २४-२३ असा हरल्यावर.

दुसरा खड्डा असा की बाउल सगळ्यांना खुले नव्हते. १९२५ च्या रोज बाउलनंतर नोटर डेम थेट १९७० च्या कॉटन बाउलमध्ये दिसतो. मधली सगळी वर्षं बाउल खेळायचेच नाहीत असं त्यांचं धोरण. बिग टेन या गटाचे (मिशिगन, ओहायो स्टेट वगैरे) संघ १९७५ पर्यंत रोज बाउलखेरीज दुसरीकडे जात नसत. तेव्हा अमुक संघाचे बाउल विजय किती, ही तुलना या काळापुरती सोडूनच द्या.

आणि हो, अलाबामा १९४१ चंही विजेतेपद सांगतं. एपीच्या यादीत त्या वर्षी ते विसावे होते. यावर आणखी काही लिहीत नाही.

वैयक्तिक विक्रमांना तरी एक तारीख आहे ना?

एनसीएएचे अधिकृत आकडे १९३७ पासूनचे. पण त्यातही एक सांधा निखळलेला आहे: २००२ च्या आधी बाउल सामन्यातली कामगिरी हंगामाच्या आकड्यांत धरत नसत.

त्यामुळे काय होतं, ते २०२४ च्या शेवटी सगळ्यांनी पाहिलं. ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सने १९८८ मध्ये चेंडू घेऊन धावत २,६२८ यार्ड केले होते, अवघ्या अकरा सामन्यांत. त्यातला शेवटचा सामना टोकियोत झाला, आणि तिथे टेक्सस टेकविरुद्ध एकट्या त्याने ३३२ यार्ड काढले. छत्तीस वर्षांनी बॉइझी स्टेटचा ॲश्टन जेंटी या विक्रमाच्या मागे लागला. ३१ डिसेंबरला फिएस्टा बाउलमध्ये पेन स्टेटच्या बचावाने त्याला १०४ यार्डांवर रोखलं आणि तो २,६०१ वर थांबला. सत्तावीस यार्ड कमी.

जेंटीचा तो चौदावा सामना होता. सँडर्सही त्या वर्षी हॉलिडे बाउल खेळला होता आणि २२२ यार्ड धावला होता, पण ते त्याच्या खात्यात जमाच नाहीत. धरले तर २,८५० होतात. सरासरी काढली तर सँडर्स सामन्याला २३९ यार्डांच्या आसपास, जेंटी १८६ च्या. विक्रम मोडला असता तर यादीत नाव बदललं असतं, एवढंच. यात जेंटीचा दोष काहीच नाही, त्याने समोर आलेले सामने खेळले. यादी करणाऱ्याने सामन्यांची संख्या शेजारी लिहावी, इतकं साधं काम आहे.

मग संघांसाठी १९७३ का?

कारण संघाचा जय-पराजय शेवटी एका गोष्टीवर ठरतो: कोण खेळू शकत होतं, आणि एका संघाकडे किती जण साठवता येत होते. या दोन्हींचा निकाल सत्तरीच्या सुरुवातीला लागला.

आधी कोण खेळू शकत होतं ते. २० ऑक्टोबर १९३४ ला जॉर्जिया टेक ॲन आर्बरला आला, तो अट घालूनच: मिशिगनचा कृष्णवर्णीय खेळाडू विलिस वॉर्ड मैदानात नको. मिशिगनने स्वतःच्या गावात, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर ही अट मान्य केली. संघात वॉर्डचा मित्र जेराल्ड फोर्ड होता, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला. मिशिगन ९-२ जिंकलं आणि त्या हंगामातला हा त्यांचा एकमेव विजय. नोंदवहीत तो आज फक्त ‘विजय’ म्हणून उभा आहे.

दक्षिणेत तर संघच्या संघ गोरे होते. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या दक्षिणी विद्यापीठांच्या गटात, म्हणजे एसईसीत, पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला ३० सप्टेंबर १९६७ ला, केंटकीचा नेट नॉर्थिंग्टन. त्याचा सहकारी आणि मित्र ग्रेग पेज सरावातल्या दुखापतीने आदल्या रात्रीच गेला होता. दोघांनी मिळून हा रस्ता खुला करायचा होता. १९६९ चा विजेता टेक्सस हा पूर्ण गोऱ्या खेळाडूंचा शेवटचा राष्ट्रीय विजेता. १९७० मध्ये यूएससीने (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने) बर्मिंगहॅमला येऊन अलाबामाला ४२-२१ ने धुतलं, त्यांचा कृष्णवर्णीय खेळाडू सॅम कनिंगहॅम धावत सुटला, आणि त्या एका संध्याकाळी दक्षिण बदलली अशी आख्यायिका झाली. आख्यायिकेत थोडा मसाला आहे. अलाबामाने विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला त्याआधीच घेतलं होतं. नवा विद्यार्थी म्हणून त्याला त्या वर्षी मुख्य संघात खेळता येत नव्हतं. लुइझियाना स्टेट (एलएसयू), जॉर्जिया आणि मिसिसिपी हे एसईसीतले शेवटचे संघ १९७२ मध्ये बदलले.

याची दुसरी बाजू तुलनेत कुणीच मांडत नाही. हे खेळाडू त्याआधी कुठे होते? ग्रॅम्बलिंगसारख्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत. ग्रॅम्बलिंगचे कोच एडी रॉबिन्सन यांचे ४०८ विजय आहेत. १९५५ चा एखादा बलाढ्य दक्षिणी संघ शेजारच्याच राज्यातल्या या संघांशी एकदाही खेळला नसेल, तर तो प्रदेशातला सर्वोत्तम होता असं कशाच्या जोरावर म्हणायचं?

आता साठवणीचं. १९७३ मध्ये एका संघाला जास्तीत जास्त १०५ शिष्यवृत्त्या अशी मर्यादा आली. त्याआधी श्रीमंत विद्यापीठं चांगला खेळाडू स्वतः खेळवायला नाही, तर शेजाऱ्याकडे जाऊ नये म्हणूनही घेऊन ठेवायची. पुढे ही मर्यादा १९७८ मध्ये ९५ आणि नव्वदीत ८५ वर आली. नव्या विद्यार्थ्यांना १९७२ पासून मुख्य संघात खेळता येऊ लागलं. एनसीएएचे तीन डिव्हिजन, म्हणजे संघांचे स्तर, तेही १९७३ चेच. आक्रमणाला एक तुकडी आणि बचावाला दुसरी, ही पद्धत १९५३ मध्ये जवळपास बंद करून १९६५ मध्ये पुन्हा मोकळी केली होती. एपीचं मतदान बाउलनंतर होऊ लागलं होतं. हे सगळे धागे एकत्र येतात ते १९७३ मध्ये.

१९७३ ही नेब्रास्काच्या सोयीची तारीख आहे, असं म्हणतात.

म्हणणाऱ्याचं चुकत नाही. टॉम ऑस्बोर्न यांनी नेब्रास्काची सूत्रं हाती घेतली ती बरोबर १९७३ मध्ये, आणि पंचवीस हंगामांत २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबऱ्या. एकही वर्ष नऊपेक्षा कमी विजयांचं नाही. या तारखेने अलाबामाच्या बेअर ब्रायंट यांची १९६१, ६४ आणि ६५ ची विजेतेपदं बाहेर राहतात, नोटर डेमचा नूट रॉकनी (१०५-१२-५, आजही टक्केवारीत अव्वल) पूर्ण बाहेर राहतो, आणि मिनेसोटाचं तर वैभवच पुसलं जातं. कुठलीही तारीख कुणाच्या तरी पथ्यावर पडणारच. कारण आधी आणि तारीख मग, एवढा क्रम पाळला की झालं.

१९७८ जास्त सुटसुटीत नाही का?

आहे. त्या वर्षी डिव्हिजन वन-ए आणि वन-डबल-ए वेगळे झाले, म्हणजे बरोबरीचे संघ कोण ते कागदावर आलं. १९७८ धरलं तरी मी भांडणार नाही. आयव्ही लीग (येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन वगैरे) मात्र १९८२ पर्यंत वरच्या गटात होती, हे लक्षात ठेवा.

बरोबरीत सुटलेले सामने कसे मोजायचे?

अर्धा विजय, अर्धा पराभव. १९९६ पासून ओव्हरटाइम आल्यामुळे हा प्रश्न उरला नाही. नोटर डेम आणि मिशिगन स्टेट यांच्या १९ नोव्हेंबर १९६६ च्या १०-१० वर मात्र अजूनही लोक हमरीतुमरीवर येतात.

ज्यांचा जन्मच उशिरा झाला त्या संघांचं काय?

फ्लोरिडा स्टेट १९४७ पर्यंत मुलींचं कॉलेज होतं, फुटबॉल त्यानंतरचा. बॉइझी स्टेट वरच्या गटात आलं १९९६ मध्ये. अशा संघांची टक्केवारी जुन्यांच्या शेजारी ठेवली तर फसवते, कारण त्यांचे पडीक दिवस यादीत नाहीत किंवा खालच्या गटात गेले. समान वर्षं घ्या, मगच तुलना करा.

एनसीएएने रद्द केलेले विजय धरायचे का?

मी धरतो. ओहायो स्टेटचे २०१० चे विजय कागदावरून गेले, नोटर डेमचे २०१२ आणि २०१३ चे २१ गेले, पेन स्टेटचे काढले आणि २०१५ मध्ये परत दिले. शिक्षा द्यायची तर द्या, पण हरलेल्या संघाला तो सामना हरल्याचं आठवतंच.

१९९८ ची बीसीएस (अव्वल दोन संघांचा अंतिम सामना) किंवा २०१४ चा प्लेऑफ (बाद फेऱ्या), हीच खरी सुरुवात असं तरुण मंडळी म्हणतात.

विजेतेपद ठरवण्याच्या पद्धतीची सुरुवात, हो. तरी बीसीएस असूनही २००३ मध्ये एलएसयू आणि यूएससी असे दोन विजेते झाले. प्लेऑफ आधी चार संघांचा, २०२४ पासून बारा संघांचा. त्या वर्षीचा विजेता ओहायो स्टेट १४-२, म्हणजे चौदा विजय, दोन पराभव. ओक्लाहोमाने १९५६ मध्ये १०-० केलं होतं, ४७ सलग विजयांच्या मालिकेतच. यातला थोर कोण? दोन पराभव पचवून बाद फेरीचे सलग चार सामने जिंकणं सोपं नाही, आणि ओक्लाहोमाला ती संधीच नव्हती. मी हे दोन हंगाम एका तक्त्यात ठेवत नाही.

२०२१ पासून पुन्हा नवं युग सुरू झालं का?

बहुतेक झालं. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, त्याच वर्षी एकदा संघ बदलायला वर्षभर बसून राहण्याची अट गेली, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं थेट पैसे देतात. शिष्यवृत्त्यांची ८५ ची मर्यादा जाऊन खेळाडूंची संख्या १०५ पर्यंत, असा नियम आला. म्हणजे १९७३ च्या तारखेला आधार देणारा खांबच काढला गेला.

इंडियानाचं उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकापासून खेळणाऱ्या आणि पराभवांच्या यादीत कायम वर असलेल्या या संघाला एका हंगामात दहा विजय कधीच जमले नव्हते. २०२४ मध्ये कर्ट सिग्नेटी नवे कोच आले, आपल्या जुन्या जेम्स मॅडिसन संघातले बरेच खेळाडू सोबत घेऊन, आणि पहिल्याच वर्षी ११-२ करून प्लेऑफमध्ये गेले. जुन्या व्यवस्थेत एवढी भरती करायला चार वर्षं गेली असती. माझ्या तक्त्यात २०२१ च्या वर मी सध्या तुटक रेघ ओढून ठेवली आहे; आणखी काही हंगामांनी ती पक्की करायची की नाही ते ठरवेन.